आवाज शून्यावर नेण्याआधी...

मागच्या वेळी रील टाकलंत, तेव्हा मूळ आवाजाचं काय केलंत, आठवतंय? बहुतेक नाहीच आठवणार. कारण ती गोष्ट आपण विचार करून करतच नाही. ट्रेकचा व्हिडिओ असतो, पहिल्या पावसाचा असतो, कॅन्टीनमधल्या कटिंगचा असतो. ॲप उघडायचं, मूळ आवाजाची पट्टी ओढून शून्यावर आणायची, वर ट्रेंडिंग ऑडिओ लावायचा आणि द्यायचं टाकून. दहा सेकंदांचं काम. राजमाचीवरचा वारा, कॅन्टीनवाल्या काकांची आरोळी, मागे कुणीतरी मारलेला पाणचट जोक, सगळं गायब. त्याजागी तेच गाणं, जे त्या दिवशी आणखी असंख्य लोकांनी आपापल्या पावसावर लावलेलं असतं.

मीही अगदी हेच करायचे. आता करत नाही. का, ते शेवटी सांगते. पण त्याआधी तुम्हाला काही अवलिया माणसं भेटवायची आहेत. आवाज ही चित्रावर नंतर ओतायची फोडणी नाही, असं या लोकांना वाटायचं. त्यांनी सिनेमे असे केले, की आवाज काढून घेतला तर सिनेमाच उरू नये. काहींनी तर चित्रच काढून टाकलं! अशा सिनेमांना आपण 'प्रायोगिक' म्हणतो आणि 'आपल्याला नाही कळायचं बुवा' म्हणत कानाडोळा करतो. कान आणि डोळा दोन्ही एकदमच.

आवाज दिसतो

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, सोपं आहे. सिनेमा रिळावर असायचा, तेव्हा चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर असायचे. मोठ्या भागात चित्रांच्या चौकटी, सेकंदाला २४. आणि कडेला एक अरुंद पट्टा, त्यावर वेड्यावाकड्या लाटा किंवा बारीक रेघा. तो आवाज! प्रोजेक्टरमध्ये एका छोट्या दिव्याचा उजेड या पट्ट्यातून आरपार जायचा. रेघांमुळे तो कमीजास्त व्हायचा, त्या कमीजास्त उजेडापासून तशीच कमीजास्त वीज तयार व्हायची आणि ती स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडायची. म्हणजे थिएटरात ऐकू येणारा लताबाईंचा आवाजही त्या पट्टीवर एक चित्रच होता.

आणखी एक गंमत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज बरोब्बर त्याच्या शेजारी नसतोच. तो साधारण वीस चौकटी पुढे असतो. कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र पडद्यावर टाकायची जागा वेगळी आणि आवाज वाचायची जागा वेगळी. पट्टीवर लांब लांब राहणारे हे दोघं थिएटरात मात्र एकाच क्षणी तुमच्यापर्यंत पोचतात. आपल्याला वाटतं, ते जन्मापासून जोडीनेच आहेत. तर तसं नाही. ती जोडी कुणीतरी लावलेली असते.

आता विचार करा, आवाज जर चित्र असेल, तर तो पेनाने काढता का येऊ नये?

हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे नॉर्मन मॅक्लारेन. जन्म १९१४, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगचा. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये असताना त्याने 'डॉट्स' नावाची एक चिमुकली फिल्म केली. कॅमेरा नाही, माइक नाही, वादक नाहीत. कोरी फिल्म, पेन आणि शाई. चौकटींमध्ये त्याने हाताने ठिपके काढले आणि कडेच्या पट्ट्यावरही हातानेच खुणा केल्या. पडद्यावर ठिपका टुणकन उडी मारतो आणि 'टुप्' असा आवाज येतो. तो आवाज जगात कुठेच झालेला नव्हता. तो फक्त काढलेला होता.

पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करताना त्याने या खेळाचं शास्त्रच बनवलं. त्यातलं गणित तुम्हीही करू शकता. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे सेकंदाला साधारण ४४० कंपनं. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते. ४४० भागिले २४, उत्तर आलं १८ च्या आसपास. म्हणजे एका चौकटीच्या उंचीत समान अंतरावर अठराएक रेघा मारल्या आणि फिल्म पळवली, की पांढरी सहा वाजणार. नऊ मारल्या, तर तोच स्वर एक सप्तक खाली. रेघा दाट झाल्या की स्वर चढतो, विरळ झाल्या की उतरतो. मॅक्लारेनकडे अशा रेघांची कार्डं होती, एकेका स्वराचं एकेक कार्ड. त्यांचे फोटो आवाजाच्या पट्ट्यावर उतरवत तो चाली बांधायचा. 'नेबर्स' या त्याच्या १९५२ सालच्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. एका फुलावरून दोन शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात, एवढीच गोष्ट. तिचा आवाजही असाच, फिल्मच्या कडेवर तयार केलेला.

आणि मग १९७१ साली आली 'सिंक्रोमी'. जेमतेम सात मिनिटांची ही फिल्म आजच्या आज पाहा. मॅक्लारेनने कार्डांवरून एक नाचरी, पियानोसारखी धून बांधली. मग आवाजाच्या पट्ट्यावरच्या त्याच रेघा उचलून त्याने चित्राच्या चौकटीत ठेवल्या. पडद्यावर दिसतात ते रंगीत पट्टे म्हणजे त्या क्षणी वाजणारा स्वर. 'स्वरांना साजेसं चित्र' नव्हे, स्वरच. रेघा दाटतात तेव्हा सूर चढतो, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे. त्याने आपल्या मनाचं केलं ते एवढंच, की खांब किती उभे करायचे, कुठे मांडायचे आणि रंग कोणते द्यायचे. पहिलं मिनिटभर तुम्ही 'छान स्क्रीनसेव्हर आहे' म्हणाल. मग कधीतरी एकदम लक्षात येईल, की आपण आवाज बघतोय. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता, आणि पडद्यावर नुसते चौकोन होते!

डोळ्यांना सुट्टी

मॅक्लारेनने आवाजाला पडद्यावर आणलं. त्याच्या कितीतरी आधी एका जर्मन माणसाने नेमकं उलटं केलं होतं. वॉल्टर रुटमन हा खरं तर चित्रांचाच माणूस. १९२७ साली त्याने बर्लिन शहराच्या एका दिवसावर मूकपट केला होता आणि तो गाजलाही होता. १९३० मध्ये बर्लिनच्या रेडिओसाठी त्याने 'वीकेंड' केला. त्याने आवाज रेकॉर्ड केले ते सिनेमाच्या फिल्मवर, कात्रीने कापून जोडले तेही सिनेमासारखेच. फक्त चित्राची जागा कोरी ठेवली. अकरा-साडेअकरा मिनिटांत शनिवारी कामावरून सुटलेलं शहर, रविवारची मोकळीक आणि पुन्हा सोमवार. टाइपरायटर, टेलिफोन, करवत, चर्चच्या घंटा, लोकांच्या बोलण्याचे तुकडे. पडद्यावर काही नाही. पडदाच नाही. तरी ऐकणाऱ्याला बर्लिन दिसतं.

हा एका हुशार माणसाचा खेळ वाटत असेल, तर डेरेक जार्मनकडे या. इंग्लंडचा हा दिग्दर्शक एड्सने आजारी होता आणि त्या आजारपणात त्याची दृष्टी जात चालली होती. १९९३ साली त्याने 'ब्लू' केला. सव्वा तासाच्या वर चालणाऱ्या या सिनेमात पडद्यावर काय दिसतं? निळा रंग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त एक निळा रंग, न हलणारा. आणि त्यावर माणसांचे आवाज, संगीत, दवाखान्यातल्या वाट पाहण्याच्या वेळा, गेलेल्या मित्रांच्या आठवणी. ज्याच्या डोळ्यांपुढचं जग मिटत चाललं होतं, त्याने आपल्यालाही तसंच बसवलं, फक्त कानांच्या भरवशावर. ब्रिटनमध्ये तो टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हा त्याच वेळी रेडिओवरही लावला होता. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये जार्मन गेला.

'ब्लू'चा आवाज शून्यावर नेऊन बघा. काय उरतं? निळी भिंत. रिकाम्या चौकटीत एक अख्खा माणूस मावतो, फक्त आवाजामुळे.

आणि आपल्याकडे?

'हे सगळं तिकडचं झालं, इकडे कोण करतंय असलं?' असं तुम्ही म्हणायच्या आत पुण्याला जाऊ.

त्याआधी एक संदर्भ. १९२८ साली, बोलपट नुकते येत होते तेव्हा, आयझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या तीन रशियन दिग्दर्शकांनी मिळून एक निवेदन काढलं होतं. मुद्दा असा, की पडद्यावर जे दिसतंय तेच आवाजाने पुन्हा सांगायचं असेल, तर सिनेमाचं नुकसान आहे. आवाजाने चित्राशी वाद घालावा, त्याच्या विरुद्ध उभं राहावं. दार आपटताना दिसलं की 'धाड्', हिरॉइन रडली की सारंगी, हे या मंडळींना नको होतं.

या निवेदनाशी पुण्याचा काही संबंध जोडायचा नाहीये. पण १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी एक धाडस केलं, ते बघा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, ही त्याची गोष्ट. रडारडीला आणि व्हायोलिनला पुरेपूर वाव. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. घरातले, रस्त्यातले, रोजचे आवाज तेवढे. त्या घरातलं जुनं घड्याळ तर एखाद्या पात्रासारखं वावरतं. नीराच्या बाजूने रडायला तिथे कुणी वाद्यं पाठवलेली नाहीत. तिचा नकार तिचा तिलाच पेलायचा आहे आणि तो आपल्याला तसाच, कोरडा ऐकू येतो. आता लक्षात घ्या, हा काही चार जाणकारांसाठी काढलेला सिनेमा नव्हता. तिकीट काढून येणाऱ्या घरच्या मंडळींसाठी होता.

प्रभातच्या त्याच आवारात आज एफटीआयआय आहे. तिथे शिकताना उमेश कुलकर्णी यांनी केलेला 'गिरणी' हा लघुपट मिळाला तर सोडू नका. आई घर चालवण्यासाठी घरातच पिठाची गिरणी बसवते आणि तिची घरघर मुलाच्या आयुष्यात घुसते. त्या आवाजानेच त्याचं घर बदलून टाकलेलं असतं.

आता मुंबईत, पेडर रोडला. फिल्म्स डिव्हिजन म्हटलं की तुमच्या आईबाबांना काय आठवतं, विचारा. मुख्य सिनेमाआधी लागणारे सरकारी लघुपट आणि त्यातलं ते धीरगंभीर निवेदन. थिएटरांना ते दाखवणं बंधनकारकच होतं, आणि लोक तेवढ्यात पॉपकॉर्न घेऊन यायचे. पण याच सरकारी इमारतीत प्रमोद पती नावाचे एक गृहस्थ काम करत होते. मूळचे ओडिशाचे, प्रागला जाऊन बाहुल्यांचं ॲनिमेशन शिकून आलेले. १९६८ साली त्यांनी 'एक्स्प्लोरर' केला. सात मिनिटं, निवेदन शून्य. बेभान नाचणारी कॉलेजच्या वयाची पोरं, देवादिकांच्या प्रतिमा, प्रयोगशाळा, अक्षरं, चिन्हं, सगळं डोळ्यांपुढून सटासट जातं. आणि आवाजही तसाच: कधी मंत्रासारखा, कधी यंत्रासारखा. देश कुठे चाललाय, हे धीरगंभीर आवाजात समजावून सांगायचं ज्या संस्थेचं काम, तिच्याच माणसाने सांगणारा आवाज काढून टाकला आणि त्या काळातल्या तरुणाच्या डोक्यात चाललेला गोंगाट तेवढा ठेवला. १९७२ साली त्यांनी 'आबिद' केला, चित्रकार आबिद सुरती यांच्यावर. 'ढब्बूजी' काढणारे तेच. त्यात माणूस कॅमेऱ्यापुढे बाहुलीसारखा, एकेका चौकटीने हलवलाय. १९७५ साली, ऐन चाळिशीत पती गेले.

बाजू आवाजाची

या सगळ्या लोकांमध्ये एक गोष्ट समान आहे. चित्र आणि आवाज यांची जोडी आपोआप लागते, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. फ्रेंच संगीतकार आणि अभ्यासक मिशेल शियाँ यांनी या जोडीसाठी एक शब्दच बनवला आहे, 'सिंक्रेसिस'. एखादा आवाज आणि एखादी हालचाल एकाच क्षणी आली, की आपला मेंदू त्या दोन्हींना वेल्डिंग केल्यासारखं जोडून टाकतो. ती खरोखर एकमेकांची आहेत की नाहीत, विचारत बसत नाही. सिनेमातला ठोसा म्हणूनच लागतो. आणि तुमच्या पावसावर लावलेलं ट्रेंडिंग गाणंही म्हणूनच चिकटतं. इतकं चिकटतं, की काही दिवसांनी तो पाऊस आठवला तरी गाणंच वाजतं. खरा पाऊस कसा वाजत होता, पत्र्यावर की पानांवर, तेच आठवत नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेले होते. आजी पडवीत बसून सुपात तांदूळ पाखडत होती. संध्याकाळचं ऊन, उडणारा कोंडा, तिचे हात. मी फोन काढला आणि तिच्या नकळत शूट केलं. शेवटी तिच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे बघितलं, हसली आणि काहीतरी म्हणाली. रात्री त्याचं रील केलं. सुपाचा आवाज फार 'नॉइज' वाटत होता, म्हणून मूळ आवाज शून्यावर, वर एक हळवं इंग्रजी गाणं. भरपूर लाइक आले. पुढे फोन भरला तेव्हा मूळ क्लिप उडवली. रील होतंच की.

त्याच वर्षी दिवाळीआधी आजी गेली. तेराव्याला आत्याने फोन मागितला. सगळे भोवती जमले. आजी हसली, तिचे ओठ हलले आणि गाणं वाजलं. आत्याने पुन्हा लावलं. मग आई म्हणाली, "काय गं म्हणतेय ती?" मला आठवेना. अजूनही आठवत नाही. कधी वाटतं, 'पुरे आता, ठेव तो फोन' म्हणाली असेल. कधी वाटतं, नुसतं माझं नाव घेतलं असेल. मॅक्लारेनच्या पद्धतीने रेघा मारून कुठलाही स्वर काढता येतो. तो एक आवाज मात्र येत नाही.

म्हणून आता मी काहीही शूट केलं, की आधी मूळ क्लिप आवाजासकट वेगळी ठेवते. गाणं लावायचंच असेल, तर नंतर.

एवढं करून बघा

महागडा कॅमेरा नको, फोन पुरे. एक ठिकाण निवडा: हॉस्टेलचा पॅसेज, मेस, एसटी स्टँड, लोकलचा प्लॅटफॉर्म. फोन फ्लाइट मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि एक मिनिट फक्त आवाज घ्या. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. नंतर हेडफोन लावून ऐका आणि काय काय ऐकू आलं, ते लिहून काढा. त्या मिनिटात तिथे उभे असताना तुम्हाला जे ऐकू आलं नव्हतं, तेही यादीत येईल. मग तिथेच फोन स्थिर ठेवून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. कुणाचं खासगी बोलणं आलं असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका.

आता जोड्या लावा. आधी तो आवाज त्या चित्रावर ठेवा. मग पाच सेकंद पुढे सरकवा. मग एका ठिकाणचा आवाज दुसऱ्या ठिकाणच्या चित्रावर लावा. रिकाम्या परीक्षा हॉलवर मेसमधल्या ताटांचा खणखणाट. बंद पडलेल्या एकपडदा थिएटरवर एसटी स्टँडची घोषणा. कुठल्या जोडीला नुसतं हसू येतं आणि कुठली जोडी गप्प करते, तेवढं बघा. सातपैकी सहा फसतील. सातवी घेऊन कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये जा.

कॅनडाच्या फिल्म बोर्डाने मॅक्लारेनच्या फिल्म्स इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवल्या आहेत. मुंबईत असाल तर पेडर रोडचं सिनेमा संग्रहालय एकदा पाहून या. आणि या रविवारी घरी असाल, तर स्वयंपाकघराच्या दारात दोन मिनिटं फोन नुसता धरून उभे राहा. आई काहीतरी म्हणेलच. ते राहू द्या.